कानात इअरफोन, कानाखाली चुंबळ

इअरफोन घालून कुशीवर झोपलं की अर्ध्या तासात कान ठणकायला लागतो, आणि माणूस आणखी महागडा जोड घ्यायला निघतो. पैसे घालायच्या आधी उशीकडे बघा. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. कुशीवर वळलं की त्यातला बराच भार कानावर येतो आणि बाहेर आलेलं इअरफोनचं बोंड उशी आत रेटत राहते. बाहेरचा कान म्हणजे कूर्चा आणि तिच्यावर पातळ कातडी. मधे मांसाची गादी नाही, रक्तपुरवठाही बेताचाच. रोज तीच जागा दाबली गेली तर कानाच्या वरच्या कडेला दुखरी गाठ येते. अशा गाठीला डॉक्टर आधी हेच सांगतात की तिथला भार काढा आणि मधे भोक असलेली उशी वापरा.

तशी उशी ऑनलाइन मिळते. पण पाण्याने भरलेला गुंड (हंडा) डोक्यावर घेताना खाली ठेवायची चुंबळ (वऱ्हाडात चुंबय) हेच काम करते. मधली जागा मोकळी, भार सगळा कडेवर. फक्त कानासाठीची चुंबळ थोडी वेगळी बांधायची.

जुना, मऊ पडलेला सुती दुपट्टा किंवा पंचा घ्या. नवा नको, कांजीचं कापड टोचतं. त्याला सैल पीळ द्या. घट्ट पीळ दिला की दोरखंड होतो आणि तो कानशिलात रुततो. मोठ्या माणसाचा कान साधारण 6 ते 7 सेंटिमीटर उंच असतो, म्हणून मधली जागा 8 सेंटिमीटर धरा. चार बोटं जोडून आत घातली की ती अडकता कामा नयेत. जाडी डोकं टेकल्यावर 3 सेंटिमीटर उरली पाहिजे. कापड दबतं, म्हणून बांधताना ती 4 ते 5 ठेवा. चार जागी जाड दोऱ्याचे टाके घाला आणि चुंबळ उशीच्या अभ्र्याच्या आत, वरच्या बाजूला बसवा. नुसती उशीवर ठेवली तर पहिल्या कुशीलाच घसरते.

आता झोपून पाहा. भार कानशील, गालाचं हाड आणि कानामागचं हाड या तिघांवर वाटला गेला पाहिजे. कानाखालून बोट फिरवा. बोंड कुठेही कापडाला टेकत असेल तर आणखी एक वेढा द्या. जबडा दुखत असेल तर चुंबळ जराशी डोक्याच्या टोकाकडे सरकवा. आणि बहुतेकांचं इथेच चुकतं: चुंबळीने डोकं वर उचललं जातं, मग सकाळी मान धरते. तेवढी उंची खालून कमी करायची. कापसाची उशी असेल तर शिवण उसवून दोन मुठी कापूस काढा. सावरीच्या कापसाची असेल तर बहुधा काढावा लागत नाही, ती आपोआप दबते. मान पाठीच्या रेषेत आली की उंची बरोबर.

उताणं झोपणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही.

इअरफोन कसा असावा, तर कानाच्या खोलगट भागात बुडणारा आणि बाहेर कमीत कमी येणारा. खाली दांडी असलेले वायरलेस बड कुशीसाठी वाईट, कारण उशी दांडीला ढकलते आणि बोंड कानात फिरतं. सिलिकॉनच्या टोप्या तीन मापांच्या येतात. दिवसा जी बरोबर बसते तिच्यापेक्षा रात्री एक माप लहान लावून पाहा. बडवरचं टच कंट्रोल अॅपमधून बंद करा, नाहीतर प्रत्येक कुशीला गाणं बदलतं नाहीतर कुणाला तरी फोन लागतो. बॅटरी उतरल्याची सूचना पहाटे कानातच वाजते, तेही लक्षात असू द्या. कपाळपट्टीत चपट्या चकत्या शिवलेले हेडफोन कुशीवर फार सुखाचे. पण नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ते बांधून झोपणं म्हणजे डोक्याला ओला पट्टा बांधणं. ते थंडीसाठी ठेवा. हाडातून आवाज देणारे, मानेमागून कमान जाणारे हेडफोन तर या कामाचेच नाहीत. उशीवर कमान अडते आणि पुढे सरकते.

वायरचा इअरफोन मला अजूनही जास्त पटतो: स्वस्त, चार्जिंग नको, गादीत हरवत नाही. वायर हनुवटीखालून नेऊ नका. कानावरून मागे वळवून डोक्याच्या टोकाकडे न्या आणि एक वीत ढील ठेवा, म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही. लहान मुलांना झोपेत वायर द्यायचीच नाही. फोन चार्जिंगला लावलेला असताना वायरचा इअरफोन कानात नको. स्वस्त चार्जर बिघडला तर घरातल्या लाईनचा झटका थेट कानापर्यंत येऊ शकतो. फोन उशीखालीही नको, तो तिथे तापतो. बाजेच्या उशाकडच्या गात्याला (चौकटीच्या आडव्या लाकडाला) कापडी पिशवी बांधा, फोन तिच्यात.

आता आवाज. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास अशी आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 83 ला 20 तासच. रात्री 8 तास धरले तर आठवड्याचे 56 होतात. त्यामुळे रात्रभर चालू ठेवणाऱ्याला 80 च्या खाली राहावं लागतं. मोजायचं यंत्र नको. शब्द जेमतेम कळतील इतका आवाज लावा आणि तिथून एक घर खाली या.

अडचण कूलरची आहे. लोखंडी कूलर घरघरतो, म्हणून आपण आवाज वाढवतो. रात्री लाईन जाते, कूलर थांबतो आणि तोच आवाज कानात ओरडल्यासारखा होतो. म्हणून आधी कूलर शांत करा. स्टँडच्या चारही पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दुहेरी घड्या ठेवा, जाळीचे सैल स्क्रू आवळा, खिडकीला टेकलेला पत्रा एक बोट दूर करा. निम्मी खडखड इथेच जाते. उरलेली एकसुरी घरघर काहींना झोपेला चांगलीच असते, मग इअरफोन लागतच नाही. बाहेरचा आवाज कापणारे बड अशी घरघर छान कमी करतात, कुत्र्यांचं भुंकणं तितकं नाही. शिवाय बाहेरचा माइक उशीने झाकला गेला की काही बड शिट्टी मारतात. त्या कानाचं ते फीचर बंद करा.

ऐकायचं ते आधी उतरवून ठेवा. मधेच येणारी जाहिरात झोप मोडते. प्रवचन, कीर्तन, गोष्टी अशा बोलण्याच्या फाइलला 64 केबीपीएस मोनो (हलकी फाइल, दोन्ही कानांत एकच आवाज) पुरतं, तासाला जवळपास 29 एमबी. व्हीएलसी प्लेअरमध्ये स्लीप टायमर (ठरल्या वेळी आवाज बंद करणारी सोय) आहे, 30 मिनिटांचा लावा. गजर फोनच्या स्पीकरवर वाजतो की नुसता कानात, हे दिवसा एकदा तपासून ठेवा.

पावसाळ्यात कान सांभाळा. ओलावा आणि उब कोंडली की कानात बुरशी धरते, खाज सुटते. डोक्यावरून अंघोळ केली असेल तर कान पूर्ण वाळल्याशिवाय बोंड घालू नका. कानात तेल टाकायची सवय असेल तर त्या रात्री इअरफोन नाहीच, तेल जाळीत जाऊन बसतं. टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, मगच चढवा. कानाच्या तोंडावरचा छोटा उंचवटा दाबल्यावर कळ आली किंवा कान वाहत असेल तर इअरफोन बंद करून डॉक्टरकडे जा.

अंगणात, गच्चीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, आणि जमिनीवर झोपलेली माणसं तिच्या वाटेत येतात. इअरफोनची वायर बाहेर ठेवलेल्या फोनकडे गेली की मच्छरदाणीला तिथे फट पडते. म्हणून गात्याची ती पिशवी मच्छरदाणीच्या आतच हवी.

आणि जागलीला (रात्री शेत राखायला) जाणाऱ्यांनी, हात जोडून सांगतो, दोन्ही कान बंद करू नका. रानडुकरं हरभऱ्यात शिरली, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला, शेजारच्या माचावरून कुणी हाक मारली, हे सगळं कानालाच आधी कळतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडच्या वाघाच्या रानात तर मुळीच नको. ऐकायचंच असेल तर एकाच कानात. फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचं त्याच कानात येतं. दुसरं बोंड मोकळं लोंबू देऊ नका, कुशीखाली आलं की वायर ओढली जाते. सदऱ्याच्या गुंडीला अडकवून ठेवा.