तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडीसाठी इस्त्री कोणती घ्यावी?

तुकडे जोडून गोधडी शिवायची तर कमी पैशांत मिळणारी आणि टिकणारी इस्त्री कोणती, हा प्रश्न माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने विचारला आहे आणि उत्तर ऐकून बहुतेकींचा चेहरा उतरला आहे. वाफेची घेऊ नका. साधी, कोरडी आणि उचलताना जड लागेल अशी घ्या, एवढेच ते उत्तर आहे.

आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत तेव्हा कड दुमडून नखाने दाबायची आणि धावदोरा घालायचा, एवढ्यावर भागत असे. मोजून कापलेले चौकोन मशीनवर जोडायचे म्हटले की तसे भागत नाही. शिवण पूर्ण उलगडून दाबली नाही, तर तिच्या घडीत मिलिमीटरभर कापड अडकून राहते. १६ तुकड्यांच्या ओळीत १५ शिवणी, म्हणजे ओळ दीड सेंटीमीटरने आखूड भरते आणि शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे काही केल्या जुळत नाहीत. त्यातही इस्त्री फिरवायची नसते, टेकवायची असते. शिवणीवर ठेवावी, दोन-तीन सेकंद थांबावे, उचलून पुढे ठेवावी. सदऱ्यावर फिरवतो तशी ती मागेपुढे सरकवली, तर उरेबात, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका कापलेला त्रिकोण ताणला जातो आणि मग तो मापाला येणे कठीण. हा दाब मनगटाने देत बसलो तर संध्याकाळी हात उचलत नाही, म्हणून तो इस्त्रीच्या वजनानेच पडला पाहिजे. हलक्या इस्त्र्या किलोच्या आतबाहेर असतात. मी दोन किलोच्या आसपासची, १००० वॉटची घ्यायला सांगते.

वाफेची इस्त्री मीही हौसेने घेतली होती. आमच्याकडे बोअरचे पाणी, त्यामुळे वर्षाच्या आत तळाच्या भोकांत क्षार साचले आणि एका दुपारी लाल-पांढऱ्या चौकोनांच्या जोडावर तपकिरी पाणी गळून लाल रंग पांढऱ्यात उतरला. आठ दिवसांचे काम होते ते. शिवाय चिकट पेस्टिंग, म्हणजे कापडाला मागून इस्त्रीने चिकटवायचे अस्तर, लावताना भोकांखालच्या जागी उष्णता नीट पोहोचत नाही, ते वेगळेच. सुरकुती हट्टी असेल तर फवाऱ्याच्या बाटलीतले पाणी पुरते.

दुकानात गेल्यावर रंग आणि बटणे नंतर पाहावीत. आधी आयएसआयची खूण आणि तीन पिनांचा प्लग पाहावा, मग तळावर पोलादी पट्टी उभी धरून खाली फट दिसते का ते तपासावे, कारण बाक असलेला तळ शिवणीवर सारखा टेकत नाही. टोक निमुळते हवे. वायर सुती वेष्टणाची असावी. प्लास्टिकची वायर गरम तळाला चुकून लागली की वितळते. काही वेळ न हलवल्यास आपोआप बंद होणारी इस्त्री सुरक्षित खरी, पण दहा मिनिटे मशीनवर बसून उठावे तर ती थंडगार झालेली असते. मी साधीच वापरते आणि उठताना प्लग काढते. नॉन-स्टिक थराचा मला फारसा मोह नाही. साध्या तळाला पेस्टिंगचा गोंद चिकटलाच, तर कागदावर मीठ पसरून गरम इस्त्री त्यावर घासली की तो निघतो. नॉन-स्टिकवर तसे केल्यास चरे पडतात.

टिकाऊ म्हणजे न बिघडणारी असे मी मानत नाही. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला जी उघडता येते, ती टिकते. माझ्या इस्त्रीची वायर त्याने दोनदा आणि एलिमेंट एकदा बदलले आहे, थर्मोस्टॅट मात्र अजून मूळचाच आहे.