आरेच्या तबेल्यात रात्री जाऊ नका, दुपारी जा

आरे दूध वसाहतीच्या गोरेगावकडच्या गेटपासून तबेला पाच मिनिटांवर आहे, असं साडूने सांगितलं. साडू तिकडे दिवसा, गाडीने गेला होता. मला रात्री दोनला, धारेच्या वेळी, पायी चाळीस मिनिटं लागली.

आमच्याकडे सुट्टं म्हशीचं दूध येतं. भाव चढला की भय्या म्हणतो, ‘तबेल्यात विचारा.’ मुंबईत घाऊक भाव १ सप्टेंबर २०२२ ला लिटरला ७३ वरून ८० झाला आणि १ मार्च २०२३ ला ८५. तेव्हापासून विचारायचं मनात होतं.

आधी रिक्षा. स्टेशनबाहेर तिघांनी सरसकट तीनशे मागितले. मध्यरात्र ते पहाटे पाच मीटरच्या सव्वापट, एवढाच नियम आहे. चौथा मीटरवर आला, पण गेटवरच उतरवून म्हणाला, ‘आत बिबट्या आहे.’ बिबटे आहेतच, त्यामुळे भांडताही येईना. एकटे जाऊ नका. चांगली विजेरी घ्या, मोबाइलचा उजेड पुरत नाही.

डांबरी रस्ता ठीक. युनिटकडे, म्हणजे तबेल्यांच्या गटाकडे, वळल्यावरची शेवटची दोनशे पावलं मात्र मी विसरणार नाही. शेण, मूत आणि भिजलेला पेंढा यांचा राडा, मध्ये खड्डे, आणि कुठला खड्डा किती खोल ते पाय गेल्यावरच कळतं. एकदा घोट्यापर्यंत, एकदा पोटरीपर्यंत. बूट तिथेच टाकले. गमबूट नसतील तर हा तुकडा करूच नका.

धारा संपेपर्यंत कोणी बोलत नाही. मी अडीच तास खांबाला टेकून उभा. गवळ्याने बादली गुडघ्यांत धरलेली, म्हैस आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खाद्यात, तोंड घालून, आणि खांबावर खडूने तारीख. ती काय, विचारलं तर मुकादम म्हणाला, ‘काका, ही आली त्या दिवसाची.’

भावाचं उत्तर तिथेच होतं. इथे म्हैस वाढवत नाहीत. गुजरात-हरियाणाकडून व्यालेली विकत आणायची, आटेपर्यंत पिळायची. भाकड झाली की पुढच्या वेतापर्यंत फुकट पोसायला मुंबईची जागा परवडत नाही. गाभणकाळच दहा महिन्यांचा. मग ती स्वस्तात विकली जाते किंवा गावाकडे सांभाळायला जाते आणि नवी येते. हा खड्डा दर लिटरमध्ये भरायचा. वर चुणी, सरकी पेंड, भुसा सगळं ट्रकने. आरेतलं पॅरा गवत तेवढं जवळचं. आणि उन्हाळ्यात दूध कमी पडतं, नेमकी दही-लस्सीची मागणी तेव्हाच.

‘दहा म्हशी वाढवा की,’ म्हटलं. त्याने दावणीकडे हात केला. जागा मोजून दिलेली, परवाना तेवढ्याच जनावरांचा. शहरातल्या म्हशी बाहेर काढायला १९४९ मध्ये दूध खात्याच्या दारा खुरोडींनी ही वसाहत उभी केली. आता शहर चारही बाजूंनी आलंय. वाढ व्हायची ती पिशवीच्या दुधाची, कोल्हापूर नाहीतर आणंदहून.

सकाळी आरेतल्याच छोटा काश्मीर बागेत बसलो. छान आहे.

रात्रीची फेरी बेकार. दुपारीही धार असते, दोनच्या सुमारास. तेव्हा उजेड असतो आणि मुकादम बोलतो. परवानगी आदल्या दिवशी घ्या, फोटो विचारून काढा, म्हशीच्या मागे उभे राहू नका. बुटांचे पैसे साडूकडे मागितलेत.