साम्रदच्या खळ्यात मिथुनच्या उल्का

रात्री साडेनऊला आम्ही भंडारदऱ्याच्या काठावरचा तंबू सोडला आणि सांदण दरीजवळच्या साम्रद गावाचा रस्ता धरला. बुकिंग करताना फोनवर 'रात्री दिवे बंद ठेवतो' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात दोन हॅलोजन पाण्यावर रोखलेले, शेजारी स्पीकर, आणि वर गुरू धरून जेमतेम पंधरा तारे. सोबत मैत्रीण आणि माझी अकरा वर्षांची भाची. 'आज तुला तारे तुटताना दाखवते' असा शब्द मी तिला दिला होता. तो मला मोडायचा नव्हता.

सांदण दरी बघायला गेलो तेव्हा साम्रदला ज्या मावशींकडे जेवलो होतो, त्यांना सुदैवाने फोन लागला. तारीख 14 डिसेंबर 2023, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मावशींनी नुकताच उपास सोडला होता आणि घटाशेजारी समई तेवत होती. काकांनी फारसं काही न विचारता ओटीवरचा बल्ब होल्डरमधून काढून ठेवला, खळ्यात ताडपत्री अंथरली आणि म्हणाले, "पडा आता निवांत." त्या एका बल्बने आमची रात्र ठरली. तिथून पाच मिनिटांत कृत्तिका स्वच्छ दिसायला लागल्या.

हीच रात्र निवडायला कारण होतं. द्वितीयेची कोर आठाच्या आतच मावळली होती, आणि मिथुन उल्कावर्षावाचा भर मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने, म्हणजे आपल्याकडच्या ऐन रात्री येणार होता. ऑगस्टमधल्या ययाती (पर्सिड) उल्कावर्षावाचं नाव मोठं, पण तेव्हा सह्याद्रीत ढग हटत नाहीत. आपल्याला खरा लाभतो तो डिसेंबरचाच. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात. हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या कणांचा आहे. फेथॉन 1983 मध्ये सापडला. तो सूर्याभोवती साधारण 1.4 वर्षांत फिरतो आणि बुधाच्या कक्षेच्याही आत जाऊन येतो. त्याचे कण सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. ययातीच्या उल्का 59 च्या वेगाने येतात. त्यामुळे मिथुनची उल्का शेजारणीला कोपराने ढोसून 'ती बघ' म्हणण्याइतका वेळ देते. अकरा वर्षांच्या मुलीसोबत हे फार मोलाचं आहे.

मोजणीसाठी मी भाजलेले शेंगदाणे नेले होते. उल्का दिसली की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. तास संपला की ते दाणे रुमालाच्या एका टोकात गाठ मारून ठेवायचे. दिवा नको, वही नको, नजर आकाशातच राहते. बारा ते एक 38, एक ते दोन 51, दोन ते तीन 57. भर साडेबाराला असूनही शेवटच्या तासात जास्त दिसल्या, कारण मिथुन राशीतले पुनर्वसूचे दोन तारे तोवर वर चढत होते आणि उल्का त्यांच्याजवळच्या बिंदूतून फाकल्यासारख्या दिसतात. आपल्या अक्षांशावर तो बिंदू अडीचच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला येतो. म्हणून कंटाळून बाराला आत जाऊ नका. बातम्यांत 'ताशी 150' असा आकडा असतो. तो पूर्ण काळोख आणि बिंदू थेट डोक्यावर धरून काढलेला असतो. मुलांना तो सांगून नेलंत तर पन्नास दिसूनही ती हिरमुसतील.

सगळ्यात मोठी एकला वीस मिनिटं असताना आली. रोहिणीच्या बाजूने दक्षिणेकडे, पिवळसर हिरवी, आणि क्षणभर भाताच्या पेंढ्याच्या उडवीची कड उजळली. मागे रेघ राहिली नाही, आवाज नाही. भाची उठून बसली आणि बराच वेळ बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "मावशी, दाणा टाकलास ना?"

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. दवाला थंडीपेक्षा जास्त जपा. दोनपर्यंत गोधडीची वरची बाजू ओली झाली होती, तेव्हा अंथरायला एक आणि पांघरुणावर टाकायला एक असं प्लास्टिक न्या, कानटोपी प्रत्येकाला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका उजेडात ती जाते. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. दुर्बीण घरीच ठेवा, तिच्यातून आकाशाचा तुकडाच दिसतो. पुनर्वसूकडेच टक लावू नका, त्यापासून बाजूला बघा, तिथे उल्का लांब दिसतात. साम्रदहून पश्चिमेला कोकणाच्या बाजूचा उजेड क्षितिजावर जाणवतो, तिकडे डोकं करून पाय पूर्वेला ठेवा.

पेट्रोल घोटीलाच भरा आणि रोख पैसे जवळ ठेवा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं. बिबट्याचा वावर असल्याने एकटे पठारावर जाऊन झोपू नका. गावातलं खळं बरं, आणि घरच्यांना आधी विचारून, मुक्कामाचे-जेवणाचे पैसे देऊनच.

2026 मध्येही 14 डिसेंबरला पाच-सहा दिवसांचा चंद्र साडेदहाच्या आसपास मावळेल, म्हणजे मधली रात्र मोकळी मिळेल.

साडेचारला पूर्वेच्या डोंगरावर शुक्र आला तेव्हा आम्ही आत गेलो. जागरण करून लगेच घाटरस्त्याला लागायचं नाही हे आधीच ठरलं होतं. नऊपर्यंत झोपलो, मावशींच्या हातची नाचणीची भाकरी आणि पिठलं खाल्लं, भाचीने रुमालाच्या तिन्ही गाठी सोडून दाणे पुन्हा मोजले, आणि मग घोटीकडे निघालो.