जिमवरचा जीएसटी 5 टक्के झाला, मागणी मात्र अर्धीच पुरी झाली

व्यायामावरचा कराचा भार कमी करा, ही जिमचालकांची मागणी. त्यातला दर तेवढा उतरला: 22 सप्टेंबर 2025 पासून जिम आणि योगवर्गांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. 12,000 रुपयांच्या वार्षिक फीचं बिल 14,160 व्हायचं, ते आता 12,600 होतं. पण बिल आणि पैसे दोन्ही 22 तारखेआधी झाले असतील, तर जुनाच दर लागतो. फरक परत मागणाऱ्या सभासदाला हे नीट समजावून सांगा.

खरी मेख पुढे आहे. 5 टक्क्यांच्या दरात इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करण्याची सोय, नाही. जागेचं भाडं महिना 1 लाख असेल तर त्यावरचे जीएसटीचे 18,000 आता जिममालकाच्या खिशातून जातात. 3 लाखांच्या ट्रेडमिलवरचे 54,000 सुद्धा. ट्रेनरच्या पगारावर जीएसटी नसतोच, त्यामुळे भाडं आणि मशीनवर जास्त खर्च करणाऱ्या जिमना याची झळ अधिक. मूळ फी वाढते ती इथेच. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या, नोंदणी न केलेल्या गल्लीतल्या तालमीला मात्र हा बदल लागू नाही.

म्हणून उरलेल्या मागणीचं निवेदन देताना नुसतं ‘व्यायाम आरोग्याला चांगला’ लिहून भागत नाही. भाडं, मशीन, फी, तिन्हींचे आकडे जोडा आणि राज्याच्या अर्थखात्याकडे द्या, कारण जीएसटी परिषदेत राज्यांनाही मत असतं. प्राप्तिकराचा मुद्दा वेगळा ठेवा, तो केंद्राचा. त्यात जुन्या करप्रणालीत प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीला 5,000 पर्यंत वजावट मिळते. जिमच्या फीला शून्य.