मार्गारेट स्ट्रीटवरचा विटांचा हट्ट

ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनातून वर आलं की सगळी गर्दी दुकानांकडे ओढली जाते. आम्ही उत्तरेकडच्या गल्लीत शिरलो. "लंडनला येऊन चर्च बघायचं, तेही आडगल्लीतलं?" बायकोने विचारलं. कारण होतं कुलाब्याचं अफगाण चर्च. ती इमारत हेन्री कॉनिबेअरची, विहार तलाव बांधणारा तोच इंजिनिअर. पण तिच्या आतल्या सजावटीत विल्यम बटरफील्ड या इंग्रज वास्तुविशारदाचा हात आहे. स्वतः तो मुंबईला कधी आला नाही. मग त्याचं खरं काम बघायचं तर मार्गारेट स्ट्रीटलाच यायला हवं.

इथल्या त्याच्या ऑल सेंट्स चर्चला जागा अगदी बेताची मिळालेली, जेमतेम शंभर फूट लांब-रुंद. तेवढ्यात चर्च, पाद्र्यांचं घर, शाळा आणि मधोमध छोटंसं अंगण. त्यातून २२७ फुटी मनोरा वर गेलाय. अंगणात उभं राहून त्याचं टोक बघताना मान अवघडते. लाल विटांमध्ये काळ्या विटांचे पट्टे आहेत. त्या काळात देवाच्या घराला दगड आणि गोदामाला वीट, असा साधारण रिवाज होता. बटरफील्डने मुद्दाम वीट घेतली, आणि तीही इतकी महागडी की दगड स्वस्त पडला असता म्हणतात!

आत अंधार, धुपाचा वास, आणि डोळे सरावले की रंगच रंग. लाल ग्रॅनाइटचे चकचकीत खांब, संगमरवरी प्रवचनपीठ, भिंतभर फरशांची नक्षी. पहिल्यांदा वाटतं, आजीने हाताला लागेल तो तुकडा जोडून गोधडी शिवलीय. मग लक्षात येतं की रंग वरून फासलेला नाही, ज्या सामानाने भिंत बांधली त्याचाच तो रंग आहे. हीच त्याची खरी कल्पना. उत्तरेच्या भिंतीला शेजारच्या घरांमुळे खिडक्याच नाहीत, म्हणून १८७३ मध्ये तिथे फरशांवरची चित्रं बसवली. मला ती जरा गुळगुळीत वाटली.

एवढं भडक काम करणारा माणूस स्वभावाने मात्र अगदी अबोल. १८१४ मध्ये लंडनच्या स्ट्रँडवर जन्म, वडिलांचं औषधांचं दुकान. सोळाव्या वर्षी एका बांधकाम कंत्राटदाराकडे उमेदवारी. विटेची जाण तिथूनच आली असणार. १८४० मध्ये स्वतःचं ऑफिस थाटलं. लग्न केलं नाही. धर्माने कट्टर, कामात त्याहून कट्टर. या चर्चची पायाभरणी १८५० ची, पण दारं उघडायला १८५९ उजाडलं. मधल्या काळात पैसा उभा करणाऱ्या बेरेसफर्ड होपशी रंगांवरून त्याचं वाजलं. मेलबर्नच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे आराखडेही त्याचेच. ऑस्ट्रेलियाला न जाताच ते केले आणि पुढे भांडण होऊन काम सोडलं. १८८४ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने सुवर्णपदक जाहीर केलं, तर हा समारंभाला गेलाच नाही. १९०० मध्ये वारला.

दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डचं कीबल कॉलेज, तेही बटरफील्डचंच. पुन्हा तेच पट्टे, पण इथे मोकळी जागा असल्यामुळे ते अंगावर येत नाहीत, आणि लांबून बघता येतात. चॅपलला लागून एक छोटी खोली आहे. तिथे चित्रकार होल्मन हंटचं कंदील घेतलेल्या ख्रिस्ताचं चित्र लावलंय. ते आपल्या चॅपलमध्ये बटरफील्डला नको होतं, म्हणून पुढे दुसऱ्या वास्तुविशारदाकडून ही खोली बांधून घेतली. बरेच लोक चित्र बघून तसेच परत फिरतात. तुम्ही गेलात तर आधी मोठ्या चॅपलमध्ये निवांत बसा. त्या चित्राच्या छापील प्रती कुठेही मिळतात.