तुम्ही विचारलंत म्हणून: अठरा पूर्ण झाल्यावर

"बालगृहात खाणंपिणं, शिक्षण, वर समुपदेशनसुद्धा मिळालं. मग बाहेर पडल्यावर तुमची मुलं कोलमडतात का?" ऑफिसात विचारून झालंय, लग्नाच्या बोलणीतही.

सगळी कोलमडत नाहीत. माझ्या खोलीतली एक आज नर्स आहे. पण मी कोलमडले होते, हेही खरं.

लहानपणी संस्थेत आले तेव्हा मी बोलतच नव्हते. समुपदेशक ताई काही न विचारता शेजारी बसून मणी ओवायच्या. मी बोलायला लागले ती त्यांच्याशीच.

अठरा पूर्ण होऊन संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात ताप चढला. संस्थेत गोळी हातावर ठेवली जायची, समोर गिळायची. मेडिकलमध्ये जाऊन काय मागायचं हे मला माहीत नव्हतं. काउंटरवरच्या माणसानं "कशासाठी हवीय?" विचारलं आणि मी तशीच परत फिरले. खोलीवर येऊन संस्थेत फोन लावला, ताईंना द्या म्हटलं. पलीकडची बाई नवीन होती. "त्या सोडून गेल्या. तुमची फाईल बंद झालीये." नंबर मागितला तर म्हणाली, "असा देता येत नाही." नीटच बोलली बिचारी. मी मात्र फोन ठेवून तापातच ओरडून ओरडून रडले. पुढे कित्येक महिने कुणालाच फोन केला नाही.

2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्यांना पुढे आधार देण्याची, तरतूद आहे. 21 पर्यंत, अपवाद म्हणून 23. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना 4,000 रुपये आहेत. राज्यात 2018 पासून अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे, पण माझी आई हयात आहे, त्यामुळे ते मला नाही. बालगृहातल्या कितीतरी मुलांचं असंच असतं.

अनुरक्षणगृहात जा, असं मलाही सांगितलं होतं. पुन्हा घंटा, पुन्हा रांग नको म्हणून मीच नाही म्हटलं. मग तक्रार कसली? तरी आहे. घरातली मुलगी भांडून गेली तरी तिला आईला फोन करता येतो.

विशीत मी सांगत सुटायचे की संस्थेनं मला पांगळं केलं. आज तसं म्हणवत नाही, ताई तिथेच भेटल्या. पण ती विशीतली मुलगी चुकीचं बोलत होती, असंही म्हणवत नाही.

पुढच्या वेळी देणगी द्यायला गेलात की एवढं विचारा: अठरा पूर्ण झालेल्या मुली आता कुठे आहेत, आणि त्यांचा फोन कोण उचलतं?