निष्पाप असण्याची अट

रविवार, रात्री.

सिनेमातलं बालगुन्हेगार पोरगं आधी निष्पाप असावं लागतं, हे आज पुन्हा खटकलं. बाप दारुडा, घर गळकं, गल्लीत एखादा दादा. एवढं दाखवलं की त्याची चोरी प्रेक्षक पोटात घालतात. त्यामुळे मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर आपली पंचाईत झाली. जामिनासाठी घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवरचा संताप रास्तच होता, पण सुखवस्तू घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाकडे कसं बघायचं, हे पडद्याने कधी शिकवलंच नव्हतं. कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांसाठी मात्र दोन साचे तयार: बिचारा, नाहीतर राक्षस.

दिग्दर्शक बुन्युएलने हे १९५० सालीच मोडीत काढलं. ‘लोस ओल्विदादोस’मधली पोरं आंधळ्या वादकाला छळतात, आणि तो म्हातारा स्वतःही धड नाही. सुधारशाळेत पेद्रो अंडं उचलतो आणि थेट कॅमेऱ्यावर फेकतो. बलक भिंगावरून ओघळतं. कीव करायला बसलेल्यांच्या तोंडावरच!

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या ‘द ४०० ब्लोज’मध्ये (१९५९) शाळकरी अंत्वान पकडला जातो तो चोरलेला टाइपरायटर परत ठेवायला गेल्यावर. पुढे मानसशास्त्रज्ञ बाईंचा नुसता आवाज येतो, कॅमेरा पोरावरून हलत नाही. खरं बोललं तरी कुणाला पटत नाही, मग खोटंच बरं, असं तो सहज सांगून जातो. ना रडणं, ना पश्चात्ताप.

आपले पटकथालेखक अजून पोराला पिंजऱ्यात उभं करतात. बाल न्यायाच्या २०१६ च्या नियमांत पिंजरा नाही, उंच व्यासपीठही नाही. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी एक तरी बाई, मुलासमोर बसतात. बेडी नाही, पोलीस साध्या कपड्यांत. वय सोळा ते अठरा आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तरच बाल न्याय कायद्याच्या कलम १५ ची प्राथमिक तपासणी होते, म्हणजे खटला प्रौढांसारखा चालवायचा का ते ठरतं. तिथे तो निष्पाप होता का, हे कुणी विचारत नाही. हे करण्याची शारीरिक-मानसिक कुवत होती का, परिणाम कळत होते का आणि कोणत्या परिस्थितीत केलं, एवढंच बघायचं. घोळ होतो तो इथेच: घटनेनंतर काही महिन्यांनी, धास्तावलेल्या पोराशी बोलून, त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय होतं ते ठरवायचं. म्हणून तर मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावलं. कोर्टातल्या आरडाओरड्यापेक्षा या खोलीत कितीतरी जास्त नाट्य आहे.